सात वर्षांची झीज

खालचा जबडा त्याने पडद्यावर उलटा केला, सुलटा केला, पुढचे दात मुठीएवढे दिसतील इतका जवळ ओढला आणि माउस सोडून दिला.

खालचे मधले दोन दात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकल्यासारखे उभे होते. डावा पुढे, उजवा त्याच्या आडून डोकावणारा. असे दात पुष्कळांचे असतात, तेवढ्याने त्याचा हात थांबला नसता. त्याने वरचा जबडा उघडला. समोरच्या दाताच्या कडेला बारीक खाच होती, दोरा जाईल एवढी. शिवताना कात्री शोधायचा कंटाळा करणाऱ्या, दोरा दातानेच तोडणाऱ्या बाईची खाच. उजव्या सुळ्याचं टोक गेलेलं. मागच्या दाढा पाट्यासारख्या सपाट.

त्याने खुर्ची मागे सरकवली, पाणी प्यायला, खुर्ची पुन्हा पुढे घेतली. जबडा तिथेच होता.

दवाखान्यातून आलेल्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. नाव कधीच नसतं. क्रमांक, स्त्री, वय एकोणपन्नास, खालची उजवी पहिली दाढ, म्हणजे दंतवैद्यांच्या मोजणीत शेहेचाळीस नंबर, कॅप. त्याखाली छापील ओळ होती: रात्री दात खाण्याची सवय. तिच्यापुढे डॉक्टरने घाईघाईत लिहिलं होतं, नाही.

त्याने वय बोटांवर मोजून पाहिलं. एकोणपन्नासच.

“नाही म्हणे,” तो पडद्याला म्हणाला.

दात बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये त्याला सगळे जबडे म्हणत. एक कुरिअरवाला ते आडनाव समजून वर्षभर ‘जबडेसाहेब’ म्हणत राहिला आणि त्याची चूक सांगायला कोणी गेलं नाही. स्वतः जबडेही नाही. शहरातले दंतवैद्य खुर्चीतल्या माणसाच्या तोंडात काडीएवढा कॅमेरा फिरवतात, उतरलेला जबडा फायलीत भरून लॅबकडे पाठवतात, आणि त्या जबड्यात चपखल बसेल असा दात जबडे संगणकावर घडवतो. मग यंत्र तो पांढऱ्या ठोकळीतून कोरून काढतं, भट्टी भाजते, आणि शेजारच्या टेबलावरची रंगवाली बारीक कुंचल्याने त्यावर पिवळेपणा, चहाचे डाग आणि माणसाचं वय चढवते. बावीस वर्षांत त्याने अर्ध्या शहराचं तोंड आतून पाहिलं होतं. चेहरा एकाचाही नाही. रस्त्यात कोणी ओळखीचं हसलं, तर तो आधी दात बघे, आणि हसून उत्तर द्यायचं लक्षात येईपर्यंत माणूस पुढे गेलेला असे.

त्याच्या टेबलावरचा संगणक लॅबमध्ये सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत वेगळा. दात घडवण्याचा प्रोग्राम लॅबने एके काळी एकरकमी घेतला होता, कायमचा. ‘कायमचा’ हा शब्द विकणाऱ्यांचा. पुढे त्यांची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने गिळली आणि नव्या धन्याने जुना प्रोग्राम बंद करून भाड्याचा काढला. जुन्याला वर्षातून एकदा कंपनीकडून होकार यावा लागे. तो होकार देणारं आता कोणी उरलं नाही. म्हणजे दार तुमचं, कुलूपही तुमचं, पण किल्ली दरवर्षी कुलूपवाल्याकडून मागून आणायची, आणि एक दिवस कुलूपवाल्यानेच दुकान बंद केलं. याला ते लोक करार म्हणतात. दरोडा म्हटलं की त्यांना राग येतो.

त्याच सुमारास, ज्या विकतच्या प्रणालीवर तो प्रोग्राम चाले तिची नवी आवृत्ती आली आणि तिने त्याला दारातही उभं केलं नाही. तेव्हा संगणक दुरुस्त करणारी एक चष्मेवाली मुलगी पाच दिवस जबडेच्या टेबलाशी ठाण मांडून बसली आणि तो प्रोग्राम तिने लिनक्सवर चढवला. लिनक्स म्हणजे कोणाच्याच बापाची नसलेली प्रणाली. जगभरच्या माणसांनी आपापल्या घरी बसून रचलेली. कोणीही घ्यावी, उघडून बघावी, मोडावी, जोडावी. विकतचा प्रोग्राम तिच्यावर सरळ चालत नाही, कारण त्याची भाषाच निराळी. म्हणून मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. प्रोग्राम आपल्या भाषेत काय ते मागतो, दुभाषा ते लिनक्सला समजावतो, आणि प्रोग्रामला शेवटपर्यंत वाटत राहतं की आपण आपल्याच घरी आहोत.

होकाराच्या भानगडीवर चष्मेवालीने साधा इलाज केला. त्या प्रोग्रामपुरतं घड्याळ थांबवून टाकलं. होकाराची मुदत संपायच्या आदल्या दिवशी, एका मंगळवारी. बाहेर सात वर्षं गेली. आत रोज सकाळी तोच मंगळवार उजाडतो. नोंदींवर तीच तारीख पडते, म्हणून खरी तारीख आणि क्रमांक जबडे एका वहीत हाताने लिहितो.

“जबडे, आज तुमच्याकडे वार कोणता?” रंगवाली अधूनमधून विचारायची.

“मंगळवार.”

“आमच्याकडे शनिवार. या कधीतरी इकडे.”

पण या येत्या शुक्रवारी मंगळवार संपणार होता. मालकीणबाईंनी सगळ्यांसाठी भाड्याचा प्रोग्राम घेतला होता. बाकीच्यांनी तो महिन्याभरात शिकूनही टाकला. जुन्या नोंदी त्यात उघडत नव्हत्या, आणि लॅबला त्यांची गरजही नव्हती. जबडेने आणखी एक महिना मागितला होता. का, ते सांगितलं नव्हतं. मालकीणबाईंना वाटलं, वय झालं की माणसाला नवीन नको वाटतं. त्यांनी बघू म्हटलं होतं. बघू म्हणजे नाही, हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

महिना का हवा होता, ते असं. त्या मंगळवारची पहिली नोंद एका प्लास्टरच्या जबड्याची होती. स्कॅनर नव्या घरात नीट चालतो का हे बघायला चष्मेवालीने एखादा नमुना मागितला, तेव्हा जबडेने खणातून आपल्या बायकोचा जबडा काढून दिला. नोंद क्रमांक एक. त्यानंतर तीन आठवड्यांनी बायको घर सोडून बहिणीकडे गेली आणि परत आली नाही. नोंद राहिली. दुपारी सगळे मागच्या खोलीत जेवायला गेले की जबडे आपल्या टेबलावर डबा उघडायचा आणि पडद्यावर ती एक नंबरची नोंद लावायचा. त्या प्रोग्राममध्ये जबडा बंद-उघड करून बघायची सोय आहे, दात एकमेकांवर कसे बसतात ते कळावं म्हणून. तो ती चालू करून ठेवी. वरचा, खालचा, वरचा, खालचा. आवाज नसलेलं तोंड समोर हलत राही आणि तो घास चावत राही. आठवड्यातून एकदा. कधी दोनदा. ज्याला हे हास्यास्पद वाटेल त्याने सात वर्षं एकट्याने डबा खाऊन बघावा.

बायको झोपेत दात खायची. आवाज असा की कोरड्या फरशीवरून कोणी दगड ओढतंय. लग्न झालं त्या वर्षी नव्हतं, किंवा असलं तरी त्याला ऐकू आलं नव्हतं. मग हळूहळू वाढत गेलं. तो तिला हलवून जागं करी. “अगं, झोपू दे,” म्हणे. ती कुशीवर वळे आणि घटकाभराने दगड परत सुरू. तिच्या आईलाही सवय होती, तेव्हा हे रक्तातलंच, असं त्याने ठरवून टाकलं आणि तिलाही पटवून दिलं.

त्या घरात मारझोड नव्हती. दारू नव्हती. बाहेरख्याली नव्हती. हे तीन ‘नव्हती’ तो छातीवर पदकासारखे लावून फिरे. पण दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी खेळणारा हा माणूस संध्याकाळी घरी येऊन तीच पट्टी काढायचा. कपाचे कान एकाच दिशेला हवेत. झाकण ज्याचं त्याच्यावर हवं. टॉवेलची घडी तिरकी. ती एखादी गोष्ट सांगायला लागली, आज चार वाजता खालच्या मजल्यावरची बाई आली होती, की हा म्हणे, चारला नाही, पावणेचारला, मी तेव्हाच फोन केला होता. बरोबर असायचं त्याचं. त्याचं नेहमीच बरोबर असायचं, तोच तर छळ होता. तिने आधी गोष्टी अर्ध्या सोडायला सुरुवात केली. मग सुरूच करेना.

शेवटच्या वर्षी त्याने तिच्या दातांचा साचा घेतला, त्याचं प्लास्टर ओतलं आणि त्यावर रात्री लावायचं पारदर्शक कवच बनवलं. आयुष्यात तिच्यासाठी एवढ्या काळजीने त्याने दुसरं काही केलं नसेल. कडा रेशमासारख्या घासल्या. उशीवर ठेवलं. तुला नेमकं काय होतंय, एवढं विचारायला त्याच्या निम्माही वेळ लागला नसता. अकराव्या रात्री तिने ते कवच आरपार चावलं.

ती गेली तेव्हा भांडण झालं नाही, त्यामुळे लोकांना सांगायला त्याच्याकडे काही नव्हतं. मग त्याने एक वाक्य तयार केलं. “तिच्या नसाच तशा. मुळातच अस्वस्थ बाई, झोपेतसुद्धा चैन नाही.” भावाला सांगितलं, मेव्हण्याला सांगितलं, रंगवालीला सांगितलं. दाढा पुराव्याला होत्याच. या एका वाक्यावर तो सात वर्षं जगला.

आणि आता चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, नाही.

कामाच्या दृष्टीने या एका शब्दाचं महत्त्व मोठं. दात खाणाऱ्या माणसाची कॅप जाड आणि सपाट करावी लागते. तिच्यावर दाढेचे नेहमीचे उंचवटे ठेवले तर ते रात्रीच्या घासण्यात उडतात आणि जबडा ठणकत राहतो. न खाणाऱ्याला तशी सपाट कॅप दिली तर घास नीट दळला जात नाही. सगळा जन्म त्या बाजूने नुसतं चोळल्यासारखं जेवायचं. डॉक्टरला काय, विचारलं, लिहिलं, मोकळी झाली. जबडेने त्या बाईच्या शेजारी अठरा वर्षं रात्री काढल्या होत्या. त्याच्या मते, त्या ओळीपुढे काय लिहायचं हे सांगायचा अधिकार जगात त्याला एकट्याला होता.

त्याने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीण तरुण होती, बोलायला मोकळी. तो म्हणाला, शेहेचाळीस नंबरची दाढ, आजच आलेली, सवय नाही म्हणून लिहिलंय ते तपासून घ्या. ती म्हणाली, मी विचारूनच लिहिलंय.

“दाढा बघितल्या का तुम्ही? मैदान झालंय नुसतं.”

“बघितल्या ना काका. तेच विचारलं तिला. म्हणाली, पूर्वी खायचे, आता नाही.”

“झोपेतलं पेशंटला काय कळतं?”

“शेजारी झोपणाऱ्याला कळतं,” डॉक्टरीण हसली. “तेवढं मात्र मी विचारलं नाही.”

जबडेने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मग म्हणाला की लोक डॉक्टरशी खोटं बोलतात, तंबाखूचं बोलतात, ब्रश करण्याचं बोलतात, हेही बोलत असतील. ही सवय जात नसते. त्याच्याकडे या बाईचा जुना जबडा आहे, सात वर्षांपूर्वीचा. त्यावर हा ठेवून बघतो आणि किती झीज झाली त्याचा रंगीत नकाशाच पाठवतो. डॉक्टरला आश्चर्य वाटलं. जुना जबडा कसा काय, असं तिने विचारलं. एक काम आलं होतं मागे, तो म्हणाला.

“मग उत्तमच. झीज चालू असेल तर सपाट करा, नसेल तर सरळ दाढेसारखी दाढ करा. तुम्ही म्हणाल तसं.”

फोन ठेवून तो उठला आणि रंगवालीला सांगून आला की शेहेचाळीस नंबरची येतेय ती जाडजूड, सपाट येतेय, त्या हिशोबाने रंग काढून ठेव. रंगवालीने मान डोलावली. तो परत येऊन बसला तेव्हा त्याच्या अंगात बऱ्याच दिवसांनी तरतरी आली होती. बाही सारखी केली. आधी सपाट कॅप घडवून टाकली, अर्ध्या तासात, हातखंडा काम. मग पुराव्याकडे वळला.

जुन्या पेशंटचा नवा जबडा आला की त्या प्रोग्रामचा एक ठरलेला जाच होता. माणसाचे दात वर्षांनी बदलतात, पण प्रोग्रामच्या लेखी दोन्ही जबडे त्याच मंगळवारचे. त्याला ते पटत नाही. मग पडद्याच्या मधोमध एक पेटी उघडते: एकाच दिवशी घेतलेल्या दोन नोंदींत पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आहे, स्कॅन तपासा. सात वर्षांत ही पेटी त्याने शेकडो वेळा मिटवली होती. तीन वर्षांनी आलेला तरुण असो, वर्षभराने आलेली म्हातारी असो, कुठे दात सरकलेला, कुठे झिजलेला, कुठे हिरडी उतरलेली, पेटी यायचीच. तो आता ती वाचतही नसे. ती उघडायच्या आधीच त्याचा बाण तिच्या बटणाच्या जागी जाऊन बसलेला असे.

त्याने एक नंबर उघडला. त्यावर आजचा जबडा ठेवला. कामाची दाढ वगळली. जुळव म्हटलं. चक्र फिरायला लागलं. सवयीने बाण पडद्याच्या मध्यावर नेला आणि चक्र थांबताच बटण दाबलं.

दाबायला काही नव्हतं. त्याने पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा कळलं की तो मोकळ्या जागेवर टिचक्या मारतोय.

त्याने पहिला संशय दुभाष्यावर घेतला. असल्या उसन्या घरात राहणाऱ्या प्रोग्रामचं कधी काय बिनसेल सांगता येत नाही. सगळं बंद करून परत चालू केलं. मंगळवार पुन्हा पहिल्यापासून उजाडला. खात्रीसाठी वहीतून दुसराच कोणीतरी काढला, दोन वर्षांच्या अंतराने आलेला एक माणूस, आणि त्याचे दोन जबडे एकावर एक ठेवले. पेटी टुणकन उघडली. दुभाषा ठणठणीत होता.

परत एक नंबर. परत आजचा. चक्र फिरलं, थांबलं. पेटी नाही.

त्याने रंगांचा नकाशा लावला. जिथे दात होता आणि आता नाही तिथे लाल. जिथे जसाच्या तसा तिथे हिरवा. जबडा हळूहळू रंगत गेला, पुढून मागे. पुढचे खांद्यावर हात टाकलेले दोघे हिरवे. सुळा हिरवा. दोऱ्याची खाच हिरवी. पहिल्या क्षणी त्याला, खोटं कशाला सांगा, आनंद झाला. अगदी तशीच आहे, असं वाटून गेलं.

मग रंग मागच्या दाढांवर पोचला. हिरवा. एक-दोन टोकांना हलकं पिवळं, माणूस रोज जेवतो त्याने येतं तेवढं.

पडद्यावरची माप घ्यायची सुई त्याने स्वतःच्या हाताने एकेका दाढेवर टेकवली आणि आकडे वहीत लिहिले. सहा शतांश. सात शतांश. पाच. दात खाणाऱ्या माणसाचं सात वर्षांत अर्धा मिलिमीटर जातं, हे त्याने कितीतरी नवशिक्यांना शिकवलं होतं. अठरा वर्षांत त्या दाढा पाट्यासारख्या झाल्या होत्या. त्यानंतरच्या सात वर्षांत सात शतांश.

तो बराच वेळ वहीतल्या आकड्यांखाली रेघ ओढत राहिला. एकाच रेघेवर पुन्हा पुन्हा, कागद खरवडेपर्यंत. रंगवालीने एकदा मान वर करून पाहिलं आणि खाली घातली.

शेवटचा धागा म्हणून त्याने डॉक्टरला निरोप टाकला: पेशंट रात्री कवच वगैरे लावते का, विचाराल का. कवच लावत असेल तर दात खाऊनही झीज दिसणार नाही. धंद्यातली गोष्ट आहे, कोणीही विचारलं असतं. तासाभराने उत्तर आलं. बाईला फोन करून विचारलं. नाही लावत. म्हणाली, एकदा होतं कोणीतरी करून दिलेलं, पण नंतर गरजच पडली नाही.

कोणीतरी. त्याने निरोप दोनदा वाचला. मग खाली आणखी एक ओळ होती: नकाशा पाठवताय ना काका?

पाठवण्यासारखं काही नाही, असं त्याने लिहिलं. दाढेसारखी दाढ करतो.

सपाट कॅप त्याने पुसून टाकली आणि कोऱ्या बुडख्यापासून सुरुवात केली. खालच्या पहिल्या दाढेला पाच उंचवटे असतात. एरवी ते कसे असावेत हे त्याला त्या माणसाचेच बाकीचे दात सांगतात. पलीकडच्या बाजूची दाढ बघायची, आरशात धरल्यासारखी इकडे उतरवायची, झालं. इथे पलीकडची दाढ सपाट होती. शेजारची सपाट, वरची सपाट. त्या तोंडात विचारायला एकही दात शिल्लक नव्हता. ही बाई पंचवीस वर्षांमागे कोणाकडे राहायला गेली नसती तर हिची दाढ आज कशी असती, ते आता अंदाजानेच काढायचं होतं.

ती लग्न होऊन आली तेव्हा हसताना तोंडावर हात ठेवायची. त्यामुळे मागच्या दाढा त्याने तेव्हा पाहिल्याच नव्हत्या. तेव्हा बघायचं सुचलंही नव्हतं.

लहान जिवणीला साजतील असे गोलसर उंचवटे त्याने उचलले. मधली खोबण जरा खोल केली. अन्न जिथून निसटून जावं ती बारीक वाट गालाच्या बाजूला काढली. जबडा बंद करून पाहिला. वरची दाढ सपाट असल्याने उंची पूर्ण देता येईना, आपटत होती. शतांशाने खाली घेतली, परत पाहिलं, परत घेतली. जेवढी मावेल तेवढी ठेवली. बाकीचे जेवून आले, हात धुऊन आले, यंत्रं पुन्हा सुरू झाली. त्याचा डबा पिशवीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई टेबलाशी आल्या. उद्या माणूस येतोय, मशीन पुसून गोदामात जाईल, असं सांगून त्या थांबल्या. माणसाला नाही म्हणायचं असलं की त्या जरा जास्तच मऊ बोलत.

“त्यातलं काही काढून ठेवायचं असेल तर आजच्या आज काढून घ्या. तुम्ही महिना मागत होता ना?”

“नाही, राहू द्या.”

“काहीच नको?”

“नको. पुसा.”

त्यांना बरं वाटलं आणि थोडं चुकल्यासारखंही. नवीन प्रोग्राम तुम्ही आठवड्यात शिकाल बघा, असं म्हणून त्या गेल्या.

दुपारी भट्टीतून आलेल्या कॅपांची ताटली रंगवालीपुढे होती. तिने चिमट्याने एक उचलली, दिव्याखाली धरली, फिरवून पाहिली आणि खुर्चीसकट त्याच्याकडे वळली.

“काल तुम्ही सपाट म्हणाला होतात. ही तर कोवळ्या मुलीची दाढ झालीय.”

“तशीच हवी.”

“आणि दात खाते ते?”

“नाही खात.” तो कॅप ठेवायची डबी शोधत होता. “झोप लागते तिला.”

रंगवालीने कुंचला पाण्यात बुडवला, काठावर निपटला. वय किती लावू, म्हणाली. त्याने एकोणपन्नास सांगितलं. तिने पिवळ्यात कणभर तपकिरी घातला, पहिली रेघ खोबणीत ओढली आणि मान न उचलता विचारलं.

“ओळखीची आहे का कोणी?”

जबडेने डबी उघडली, आतला कापूस बोटाने सारखा केला.

“मला तसं वाटायचं,” तो म्हणाला, आणि झाकणावर क्रमांक लिहायला घेतला.